सातवा प्रश्न

मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमधल्या मामांनी एकोणतीस वर्षं मृतांच्या सहवासात काढली, आणि त्यांच्याइतकी सरळ माणसं मिळत नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. हुद्दा शिपायाचा. टाकीतून देह काढायचा, टेबलावर ठेवायचा, तास संपला की झाकायचा. पण मनगटातला मज्जातंतू कुठला आणि स्नायूची दोरी कुठली, हे पोरांना तासभराच्या व्याख्यानातून कळायचं नाही. ते मामा सांगायचे.

"ओढून बघ की बाळा. बोट हललं तर टेंडन, नाही हललं तर नर्व्ह. देवानं सोपंच ठेवलंय, अवघड तुमच्या पुस्तकानं केलंय."

यंदा कॉलेजने अभ्यासक्रम तपासायला काढला. समितीत सगळे प्राध्यापक, आणि विद्यार्थ्यांतर्फे एकटी टिटवी; हे नाव मामांनीच ठेवलेलं. दुसऱ्या वर्षाची, काटकुळी, खणखणीत आवाजाची पोर. तिने वर्गात प्रश्नावली वाटली. सातवा प्रश्न होता : शरीररचना सर्वांत जास्त कोणाकडून शिकलात?

दोन दिवसांनी ती धावतच हॉलमध्ये आली. "मामा, दीडशेपैकी एकशे बारा जणांनी तुम्हाला लिहिलंय! समितीत वाचूनच दाखवते. शिपाई म्हणून रिटायर होऊ देणार नाही तुम्हाला!"

"हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस," मामा म्हणाले, आणि चढले. घरी बायकोला आकडा सांगितला.

"आणि उरलेल्या अडतिसांनी काय पाप केलं होतं?" बायको म्हणाली. पण त्या दिवशी तिने चहा न मागता दिला.

बैठक झाली. टिटवी चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी अहवालाची फाइल सह्यांसाठी फिरवायला मामांच्याच हातात आली. शिपायाने फाइल वाचायची नसते. मामांनी जिन्यात वाचली. 'विद्यार्थी अपात्र कर्मचाऱ्याकडून शिकत असल्याचे प्रश्न सातवरून निदर्शनास आले. ही गंभीर त्रुटी आहे. तासाच्या वेळी सदर कर्मचाऱ्याने हॉलबाहेर थांबावे.' खाली टिटवीची सही, तारखेसकट.

राहिली होती फक्त विभागप्रमुख मॅडमची. बावीस वर्षांपूर्वी या मॅडम विद्यार्थिनी म्हणून पहिल्याच दिवशी टाकीतल्या फॉर्मॅलीनच्या वासाने दारात मटकन बसल्या होत्या. त्यांना हाताला धरून टेबलापर्यंत नेलं होतं ते मामांनी.

"मॅडम, मी कधी चुकीचं शिकवलं का?"

"तसं नाही हो मामा. प्रश्न नियमाचा आहे."

"तुम्हाला शिकवलं तेव्हा नियम रजेवर होता?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "बाहेरचे लोक तपासणीला येतात. त्यांना काय सांगू, मी शिपायाकडून शिकले?" आणि सही केली. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तोही एकाच आठवड्यात दोनदा.

हॉलच्या दाराशी टिटवी उभी होती. "मामा, मी वाचून दाखवलं हो. पण ते सगळे एकदम... आणि तोंडी परीक्षा त्यांच्याच हातात..."

"सही केलीस त्याचं काही नाही गं. परीक्षेचा प्रश्न आहे, कळतं मला." मामांनी हातमोजे काढून खिशात कोंबले. "पण चार दिवस होते तुझ्याकडे. एकदा येऊन सांगायचं होतंस. फाइल माझ्याच हाताने फिरवलीत तुम्ही."

ती काही बोलणार तोच घंटा झाली. पोरं आत गेली, तीही गेली, मागून तास घ्यायला मॅडम गेल्या. दार आतून लोटलं गेलं. मामा बाहेर स्टुलावर बसले. थोड्या वेळाने आतून कुणीतरी हाक मारली, "मामा, हे काय आहे बघा ना!"

मामा उठले. दाराला हात लावला. मग आतून मॅडमचा आवाज आला, "मला विचारा." मामा परत स्टुलावर बसले.