दोन नळ्यांची पिचकारी

आमची नाव जुनी होती. पूर्णा नदीला पाणी चढलं आणि माणसं भरली की फळ्यांच्या फटींतून तळात पाणी यायचं. उन्हाळ्यात काथ्या आणि राळ ठोकून फटी बुजवायचो, तरी श्रावणात त्या पुन्हा उघडायच्याच. बारा पावसाळे ते पाणी मी टिनाच्या डब्यानं उपसलं. वडील सुकाणूवर, मी तळात वाकलेला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही गोष्ट. नदीवर पूल नव्हता आणि नांदुऱ्याच्या बाजाराला जायचं तर पावसाळ्यात आमच्याच नावेत बसावं लागे.

धाकटा भाऊ नांदुऱ्याला, कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला होता. पावसाळ्यात जिन बंद, म्हणून तो घरी यायचा. एका वर्षी येताना त्यानं दोन जाड बांबू आणि चामड्याचा तुकडा आणला. बांबूच्या गाठी फोडून त्यानं नळ्या केल्या, खाली चामड्याच्या झडपा बसवल्या, आत दांडे घातले आणि दांड्यांच्या टोकाला चामड्याच्या चकत्या ठोकल्या. दोन्ही दांडे मधोमध टेकवलेल्या एका आडव्या लाकडाच्या दोन टोकांना बांधले. लाकडाचं एक टोक दाबलं की दुसऱ्या नळीतून पाणी वर येऊन नावेबाहेर पडायचं. मग दुसरं टोक दाबायचं. जे काम करायला माझ्या डब्याला घटकाभर लागे, ते चिलीम भरेपर्यंत व्हायचं.

लोकांनी तिला पिचकारी म्हणायला सुरुवात केली. पलीकडच्या गावचा मास्तर मुद्दाम बघायला आला. वडिलांना तेव्हा धड दिसत नव्हतं, म्हणून सुकाणू माझ्याकडे आलं होतं. ते काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हे माह्या लहान्यानं बनवलं." बारा पावसाळ्यांत माझ्या पाठीबद्दल त्यांनी कोणाला एक शब्द सांगितल्याचं मला आठवत नाही. माझी पाठ त्या पिचकारीनंच वाचवली होती, हे कळत असूनही तिचा आवाज मला नकोसा व्हायचा.

भाऊ चार दिवस सासुरवाडीला, जळगाव जामोदला निघाला. जाताना म्हणाला, "दादा, रोज संध्याकाळी चकत्या काढून एरंडेल लावजो. वायल्या तं पानी ओढनार नाई."

मी मान हलवली. चारही दिवस कडक उघाड होती आणि नावेत माणसं तुरळक. चकत्या वाळत होत्या तरी मी नळ्यांना हात लावला नाही. तेलाची वाटी भरलेलीच राहिली. पिचकारी सगळ्यांसमोर बंद पडावी आणि मी डबा काढून नाव वाचवावी, एवढंच माझ्या मनात होतं. डबा मी मागच्या फळीखाली ठेवलाही होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी भाऊ परतला. नाव भाजीच्या टोपल्यांनी आणि बायांनी भरली होती. त्या दिवशी वडीलही चढले. त्यांना नांदुऱ्याच्या वैद्याला डोळे दाखवायचे होते. ते येतील असं मला वाटलं नव्हतं.

"तेल देलं ना, दादा?" भावानं विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

मधल्या धारेत तळातलं पाणी घोट्यापर्यंत आलं. भावानं लाकूड दाबलं, नुसती फुसफुस झाली. मी सुकाणू एका हातानं धरून डबा काढला, पण एका हाताच्या डब्यानं काय होणार? टोपल्या भिजू लागल्या. एका म्हातारीनं वडिलांचा दंड घट्ट धरला.

भावानं दांडा उपसून चकती बघितली. ती कडक होऊन आक्रसली होती. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग डोक्याचा रुमाल फाडला, पाण्यात बुडवून दोन्ही चकत्यांवर घट्ट गुंडाळला आणि दांडे आत घातले. तिसऱ्या दाबाला पाणी बाहेर पडलं. आम्ही काठाला लागलो तेव्हा बाया त्याला आशीर्वाद देत उतरल्या.

वडिलांनी विचारलं, "काऊन बंद पडली होती?"

"मीच तेल द्याचं विसरलो, बा," भाऊ म्हणाला.

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हुशारी त्याची होतीच, आता मोठं मनही त्याचंच ठरलं. माझ्यासाठी त्यानं काहीच ठेवलं नाही, असं मला वाटलं.

वैद्याकडे जाताना मी वडिलांचा हात धरला होता. वाटेतच सांगून टाकलं, "तेल म्या देलं नाई, बा. जानूनबुजून."

ते म्हणाले, "नावेत बसल्याबरोबर समजलं मले. तेलाचा वास नोयता."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू बोलतं का, ते पाह्यत होतो."

त्या संध्याकाळी चकत्यांना मी तेल लावलं. भाऊ शेजारी येऊन बसला, आम्ही दोघांनी विड्या ओढल्या. दसऱ्यानंतर तो जिनात परत गेला.

पुढच्या पावसाळ्यात जिन बंद असूनही मालकानं त्याला यंत्रांच्या दुरुस्तीसाठी ठेवून घेतलं. नावेत नवीन माणूस बसला की विचारायचा, हे कोणी बनवलं? मी म्हणायचो, जिनातल्या एका माणसानं. "माह्या भावानं" हे शब्द तोंडातून निघायला मला आणखी एक पावसाळा लागला.