पुढचं साहेब सांगतात

फौजदार व्हायला काय लागतं, ते मला पाठ होतं. पदवी, लेखी परीक्षा, धावणं, गोळाफेक, मुलाखत. उमरखेडकडच्या ठाण्यात पहिली नेमणूक मिळाली तेव्हा खांद्यावरच्या दोन ताऱ्यांचा मला चांगलाच माज होता.

एका सकाळी फुलसावंगीच्या रस्त्यावर ट्रकने मोटारसायकल उडवली. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मेकॅनिक जागीच गेला. मी पंचनाम्याला थांबले. घरी कळवा आणि ओळख पटवायला त्याच्या बायकोला घेऊन या, म्हणून आमच्या हवालदारकाकांना पाठवलं. मऊ मनाचा, लेकीबाळींचा माणूस. ते नीट सांगतील असं वाटलं.

दुपारी मी सरकारी दवाखान्यात शवागाराबाहेर उभी होते. जीपमधून ती बाई उतरली. ठेवणीतली साडी, हातात डबा, काखेत घडी घातलेली चादर. सरळ माझ्याकडेच आली.

"मॅडम, वरणभात आणला. तिखट नाही टाकलं. डॉक्टर खाऊ देतीन ना त्याईले?"

काकांना बाजूला घेऊन मी चांगलंच झापलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, घरी जाऊन माणूस गेला असं आपल्याकडे कोणी सांगतच नाही. थोडं लागलं म्हणायचं, गाडीत बसवायचं आणि आणायचं. पुढचं साहेब सांगतात. आजवरचे सगळे साहेब सांगत आले होते म्हणे. मी हादरले ती इथे. साहेब म्हणजे आता मी, आणि ट्रेनिंगमध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

बाई चादर सावरत वाट बघत होती. तिला बाकावर बसवलं. आडवळण घेणं मला जमलं नाही.

"ताई, ते गेले. रस्त्यावरच गेले."

ती रडली नाही. डबा नीट बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्या पोरीले सांगून आली, बाबाले घेऊन येतो. आता तिले कोण सांगन?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच पाहत होती. मी सांगते, मी म्हणाले. पोरगी केवढी आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.