यवतमाळला न गेलेली मुलगी

विज्ञान दिनाला शाळा मला अजून बोलावते. मुलींनो, सायन्स घ्या, घाबरू नका, असं मी सांगतो, चहा घेतो आणि घरी येतो. जे सांगायला हवं ते मात्र इतकी वर्षं टाळत आलो.

कळंबजवळच्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवत असे. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि एक लांब टेबल. तिथला स्पिरिटच्या दिव्याचा वास आठवला की आजही बरं वाटतं. प्रयोग मुलं करायची, जर्नल मुली लिहायच्या, अशी आमची रीत. मुलींचं अक्षर चांगलं, असं मीच म्हणायचो. नववीतली एक मुलगी तेवढी जर्नल सारून पुढे यायची. "सर, मले हात लावू द्या ना. नुसतं पाहून किती शिकू?"

तिच्या बाबांचा कापूस व्यापारी मुठीत दाबून ओला ठरवायचे आणि भाव पाडायचे. तिने दोन खिळे, चार सेल आणि शाळेचा गॅल्व्हानोमीटर जोडून ओलावा दाखवणारं यंत्र केलं. ओल्या कापसात काटा हलायचा, कोरड्यात जागचा हलत नसे. तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. परतताना एसटीत एका मुलाने चिडवलं, "हिच्या डोक्यातच कापूस हाय."

"तुह्या डोक्याले लावून पाहू? काटा हालनारच नाही," ती म्हणाली. कंडक्टरसुद्धा हसला.

जिल्ह्याचं प्रदर्शन यवतमाळला होतं, दोन दिवस मुक्काम. आमच्या शाळेत एकही शिक्षिका नव्हती. मुलीच्या घरी जायचं, परवानगी मागायची, जबाबदारी घ्यायची, हे मला जड वाटलं. मी तिला सांगितलं, "तुझ्या बाबांना विचारलं. ते नाही म्हणतात. तुझं यंत्र घेऊन वर्गातला एक मुलगा येईल."

तिने यंत्राच्या तारा नीट गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाली, "बरं सर. पण त्याले मी समजावून देते, नाही तं चुकीन तो."

तीन दिवस तिने त्याला शिकवलं. प्रमाणपत्र त्याच्या नावाचं आलं.

दहावीला चांगले मार्क मिळवून तिने आर्ट्स घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा दोन दिवस यवतमाळले पाठवत नाहीत, सायन्सले बाहेरगावी कुठून पाठवतीन?" तेव्हाही मी बोललो नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी तिचे बाबा बसस्टँडवर भेटले. "सर, त्या यंत्राच्या वक्ती पोरीले काहून नाही नेलं? मी सोबत येनार होतो. तिले न सांगता नवा सदरा शिवलता; तिनं तं घरी यवतमाळचं नावच काढलं नाही." जागा कमी होत्या, असं मी त्यांनाही खोटंच सांगितलं. आता ते नाहीत.

यंदा शाळेत ती भेटली. तिची मुलगी तिथेच दहावीत आहे. "सर, हिले सायन्सले टाकून राह्यली मी," ती म्हणाली. "माह्या बाबानं केलं तसं मी नाही करनार."

मी म्हणालो, "हिचं गणित पक्कं करून घे."

तिने स्कूटी सुरू केली. मी फाटकापर्यंत सोबत चालत गेलो. तुझे बाबा नाही म्हणाले नव्हते, मी त्यांना विचारलंच नव्हतं, मला माफ कर, एवढं तिथेही म्हणता आलं नाही.