पहिल्या ओळीत माफी नाही

मातालेनाबाई एकोणीस वर्षं एकच गोष्ट घसा कोरडा करून सांगत आल्या: निबंधाच्या पहिल्या ओळीत मुद्दा मांडा. उताऱ्यात तुम्हाला काय दिसलं आणि कशावरून दिसलं, एवढंच लिहा.

आमच्या तुतुइला बेटावरच्या शाळेत बारावीचा साहित्याचा वरचा वर्ग त्या शिकवायच्या. मे महिन्यात पेपर होई, उत्तरं तपासायला समुद्रापार जात. पाचापैकी तीन मिळाले तर बाहेरच्या कॉलेजात फुकट जागा. एकोणीस वर्षांत एकालाही तीन मिळाले नव्हते. पोरं मठ्ठ नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पोरं फार रीतीची होती.

आमच्याकडे चारचौघांत तोंड उघडायचं तर आधी मानपान. बसलेल्यांची घराणी, गावं, गेलेले पूर्वज, सगळ्यांना वंदन. मग लहान तोंडी मोठा घास घेतो म्हणून माफी. मग, जीव उरला तर, मुद्दा. पोरं पेपरातही तेच करायची. चाळीस मिनिटांतली पंचवीस लेखकाला, तपासणाऱ्याला आणि त्याच्या कधी न पाहिलेल्या आईबापाला वंदन करण्यात जायची. बाई स्वतः सतराव्या वर्षी अशाच दोन गुणांवर आपटल्या होत्या आणि बेटावरच राहिल्या होत्या.

यंदा वर्गात आसेनाती होती. ओळ वाचली की तिच्या पोटात काय दडलंय ते पोरगी बरोबर बाहेर काढायची. पण बाप पेनिएली, गावाच्या वतीने काठी धरून बोलणारा मानकरी. त्याची लेक मानपान कशी सोडणार?

"हे काय लिहिलंयस?" बाई वही आपटायच्या. "'माझ्याहून जाणत्या मंडळींची क्षमा मागून.' कोण मंडळी? तपासणारा तिकडे सँडविच खात बसलाय."

"पण बाई, एकदम कसं म्हणायचं, उताऱ्यातला हा बाप चुकलाय म्हणून? कुणाचा तरी बाप आहे तो."

"कागदावरचा आहे. तो तुला मारायला येत नाही."

"माझे येतील ना," आसेनाती म्हणायची, आणि दोघी हसायच्या. हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. तिची आई माशांच्या कारखान्यात वीस वर्षं उभी होती आणि लेकीसाठी पांढरे गमबूट तिने आत्ताच बघून ठेवले होते. तीन गुण नाही तर गमबूट, एवढा सरळ हिशेब होता. एप्रिल सरता सरता कुठे पोरीच्या पहिल्या ओळीतून माफी गेली.

पेपरच्या दिवशी सात वाजले तरी आसेनाती आली नाही. आदल्या संध्याकाळी तिचा चुलत आजोबा वारला होता. आठाला दार बंद होणार, आणि पुन्हा पेपर मिळे तो फक्त आजाऱ्यांना. मयताच्या घरच्यांना नाही. बाईंनी गाडी काढली.

सात वीसला त्या पोचल्या. घरात खांबाखांबाशी मानकरी बसलेले. मयतातल्या मानाच्या बारीक विणीच्या चटया उलगडून मिरवायचं काम आसेनातीकडे होतं, आणि ती तिथेच उभी होती, शाळेच्या गणवेशावर काळं नेसून. म्हणजे पोरगी आशा धरून होती. बाई मागच्या खांबाशी मांडी घालून बसल्या. परत जायला पंधरा मिनिटं. वंदन करायचं म्हटलं तर अर्धा तास. बाईंचा धीर सुटला.

"मानकरी, आसेनातीला आत्ता माझ्याबरोबर पाठवा. आठाला तिचा पेपर आहे."

एक म्हातारी पुटपुटली, "शिकून शिकून बाईची लाज गेली वाटतं."

पेनिएलीने हात वर करून तिला थांबवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो मृदू झाला. दुःखाच्या घरी गुरू चालत आली, तिला एका शब्दात हो म्हणणं म्हणजे तिचा अपमान. त्याने काठी हाती घेतली. आधी मृताला वंदन केलं, मग जमलेल्या घराण्यांना. मग बाईंच्या गावाला, त्यांच्या पाद्री वडिलांना, वडिलांनी बांधलेल्या देवळाला, वादळात हरवलेल्या त्यांच्या आजोबांच्या होडीला. एक नाव चुकलं नाही. बाईंच्या घराण्याला असा पुरा मान आजवर कुणी दिला नव्हता. त्या ऐकत होत्या, घड्याळाकडे बघत होत्या आणि रडत होत्या. मध्येच तोडलं असतं तर पोरीला त्या घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आसेनाती चटईचं टोक मुठीत धरून उभी होती.

"तर गुरुमाय," पेनिएली शेवटी म्हणाला, "ही लेक तुमचीच. खुशाल घेऊन जा."

आठाला पाच कमी होते.

शाळेत पोचल्या तेव्हा दहा मिनिटं उलटली होती. पर्यवेक्षकाने काचेआडून मान हलवली. बाईंनी दार ठोठावलं, हात जोडले, पुन्हा ठोठावलं. तो पाठ फिरवून आत गेला.

दोघी नीरफणसाखाली गाडीत येऊन बसल्या. आसेनातीने पेन काढलं. "बाई, मला जुना एखादा प्रश्न द्या."

बाईंनी गेल्या वर्षीचा दिला. एक बाप आणि त्याची लेक, असाच उतारा होता. चाळीस मिनिटं पोरीने मान वर केली नाही. मग कागद पुढे केला.

पहिली ओळ होती: 'या बापाचं लेकीवर फार प्रेम आहे, आणि तिची वाट त्या प्रेमानेच अडवली आहे.' खाली तीन पानं, ओळीओळीला उताऱ्यातला पुरावा. बाईंनी दोनदा वाचलं आणि लाल पेनाने पाच लिहिले. समुद्रापार या आकड्याला कुणी विचारणार नव्हतं.

"माफी कुठेच नाही मागितली," आसेनाती म्हणाली. "चाललं ना?"

"चाललं," बाई म्हणाल्या.

आसेनातीने कागदाची घडी केली. "घरी सोडा मग. चटया अजून राहिल्यात."