लाल दिव्यातली पूजा

यंदा खंडेनवमीला नातवानं आपला कॅमेरा पाटावर ठेवला आणि मी त्यावर झेंडूचं फूल वाहिलं. तो उग्र वास नाकात शिरला मात्र, माझा हात थबकला. इतकी वर्षं लोटली, तरी त्या वासाबरोबर बुलढाण्याची आमची अंधारखोली उभी राहते.

माझे बाबा फोटोग्राफर. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. तिथल्या जंगलखात्याच्या एका साहेबानं बदलीवर जाताना बाबांना इन्फ्रारेड फिल्मच्या सुट्या पानांचा एक डबा भेट दिला. डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश टिपणारी ही फिल्म. दूरवरचं धुकट भेदून मागचा डोंगर कागदावर आणणारी. राजूर घाटाच्या माथ्यावरून बाबांनी लहानपणी एकदाच सातपुडा लख्ख पाहिला होता. पुढं जेव्हा गेले तेव्हा मधे धुकटच. त्यात काचबिंदू झालेला. नजर फार दिवस टिकणार नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. नजर आहे तोवर तो डोंगर पुन्हा एकदा बघायचा, या एकाच ध्यासानं त्यांना पछाडलं होतं. आणि असा दुसरा डबा मिळायची आशा नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी ते घाटावर गेले आणि सगळी फिल्म वापरून आले. संध्याकाळी ती धुवायला अंधारखोलीत शिरले. आम्ही मायलेकी दाराशी उभ्या, जणू आत बाळंतपण चाललंय. बाहेर आले ते पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. हातातली फिल्म कोळशासारखी काळी. दुसरीही तशीच. सगळ्याच.

“डबा कोनं उघडला?” त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

“म्या उघडला,” आई म्हणाली. “काल पूजेले. झाकल्या हत्याराची पूजा करत नाईत ना! पन अंधारखोलीतच उघडला, लाल दिव्यात. तुमीच त सांगतलं होतं, लाल दिव्यानं फिल्मले काई होत नाई मनून.”

बाबांनी हातातली फिल्म खाली ठेवली. आईनं एकेक फिल्म पाटावर मांडून, फुलं दाखवून, जपून परत ठेवली होती. आमच्या रोजच्या फिल्मला तो दिवा खरंच बाधत नसे. ही फिल्म मात्र त्याच लाल उजेडानं जळून जाते; तिला काळोखच लागतो, मिट्ट काळोख. साहेबानं ते बाबांना बजावलं होतं, बाबांनी आईला सांगितलं नव्हतं. ती निष्काळजी असती तर मी तिच्यावर संतापले तरी असते. पण इतकं जपून केलेलं काम असं उलटावं! मी हादरून गेले होते.

“हाव,” बाबा एवढंच म्हणाले. “म्याच सांगतलं होतं.”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची नजर गेली. मग दर दसऱ्याला आई त्यांना हाताला धरून घाटावर नेई आणि सातपुडा सांगे: कुठली रांग निळी, कुठं ऊन पडलंय, कुठून धूर निघतोय. परतताना बाबा प्रसन्न दिसत. आई गेली त्या वर्षी मी त्यांना घेऊन गेले. समोर पाहिलं आणि सुन्न झाले. डोंगर कुठला, नुसतं धुकट!

“काय दिसून राह्यलं, बेटा?”

“सगळं दिसून राह्यलं, बाबा. सातपुडा लख्ख हाये.”

ते हसले. “तुयी मायबी असंच सांगे. अव, दिसत असता त मले त्या फिल्मची काऊन गरज पडली असती?”

म्हणजे आई इतकी वर्षं न दिसणारा डोंगर दाखवत होती आणि बाबा सगळं जाणून तो पाहत होते. तो धक्का अजून ओसरलेला नाही. नातवाच्या कॅमेऱ्याला मी हळद-कुंकू लावलं. “आजी, उघडून दाखवू?” त्यानं विचारलं. मी घाईघाईनं त्याचा हात धरला.