फिनेलमावशीचं घर

इस्पितळातली शस्त्रक्रियेची खोली धुण्यात तिची हयात गेली. सगळे तिला फिनेलमावशी म्हणत आणि तिला त्याचा रागही येत नसे. तिने पुसलेल्या फरशीवर मोठे सर्जनसुद्धा जपून पाय ठेवत.

चूक झाली ती एवढीच, की ही शिस्त तिने घरी आणली. नात जन्मली तशी खेळणी उकळली जाऊ लागली, अंगणात बसायला बंदी झाली. मागच्या गल्लीत धाकटी बहीण शेळ्या पाळायची. तिच्याकडे मावशीने नातीला कधी नेलंच नाही.

"तुझी नातवंडं लेंड्यांत लोळतात," मावशी म्हणे.

"लोळतात आणि धावतात. तुझी शिंकत बसते," बहीण म्हणे.

दोघींचं बोलणं त्यावरूनच तुटलं. पण नात खरंच शिंकायची. धूळ, गवत, मांजर, काहीही पुरे. डोळे सुजत, छाती घरघरे.

परवा सुनेबरोबर मावशी तिला दाखवायला गेली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तान्हेपणी निरनिराळ्या जंतूंशी ओळख झाली, की कोणाशी भांडायचं आणि कोणाला सोडायचं हे शरीर शिकतं. गोठ्याच्या आसपास वाढलेल्या मुलांना हा त्रास बऱ्याचदा कमी असतो. हिला त्यामुळेच झालं, असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही."

मावशीचं डोकं फिरलं. "जन्मभर तुम्हीच सांगितलंत, घासा, पुसा, उकळा. आता म्हणता घाण बरी?"

"घाण नाही, मावशी. जेवणाआधी हात धुवायचेच. पण घर म्हणजे शस्त्रक्रियेची खोली नव्हे."

वाटेत सून कडेवरच्या बाळाला, नातीच्या धाकट्या भावाला, सावरत हळूच म्हणाली, "आई, मी कामावर असताना बाळाला धाकट्या मावशींकडे ठेवू का? नुकतंच रांगायला लागलंय."

"माझ्या हातातलं बाळ काढून तिच्या हाती देणार?"

"काढून नाही. तुम्हीही जा की."

"मी तिच्या दारात पाय ठेवणार नाही."

घरी येताच मावशीने बादली भरली. डॉक्टरीणबाईंचा राग, सुनेचा राग, बहिणीचा तर जुनाच, सगळा फरशीवर निघाला. फिनेल रोजच्या दुप्पट पडलं. नात खोकू लागली. खोकता खोकता उठली आणि बाहेर पायरीवर, त्याच बंदी असलेल्या धुळीत, जाऊन बसली.

"आजी, इथे बरं वाटतं," ती म्हणाली.

मावशीच्या हातातलं फडकं थांबलं. आता राग काढायला समोर कोणीच उरलं नव्हतं, स्वतःशिवाय.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला कडेवर घेऊन बहिणीच्या दारात उभी राहिली.

"ताई, थांब, अंगण उकळून घेते," बहीण म्हणाली.

"हसलीस तर इथूनच परत जाईन."

बाळ जमिनीवर ठेवताना मावशीचे दात आवळलेले होते. ते तुरुतुरु रांगत गेलं आणि त्याने करडाचा कान धरला. मावशीचा हात कमरेच्या फडक्याकडे गेला. तिने फडकं तिथेच मुठीत धरून ठेवलं.

"एवढं कळत होतं तर मला आधी बोलायचं नाही?" ती बहिणीवर डाफरली.

"बोललेच होते की."

"तू कोण डॉक्टरीण लागून गेलीस." मावशी पायरीवर बसली, बहिणीकडे पाठ करून. "आणि ऐक. त्याला भरवायच्या आधी हात मीच धुणार. साबण आणलाय."