एजंटबाईंसाठी मसाला

मे महिन्यात लालबागच्या गल्लीतून मसाला कुटल्याचा वास आला की मला माझी पहिली कादंबरी आठवते. तिला प्रकाशक मिळेना, म्हणून एका मित्राने गिरगावातल्या एजंटबाईंचा पत्ता दिला. त्या लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलत. कादंबरीची प्रिंट काढलेली पानं घेऊन निघालो, तर आईने पिशवीत घरच्या मसाल्याची बरणी कोंबली. "कोणाकडे रित्या हातान जातत काय रे?" मी चिडलो, पण बरणी नेली. बाईंनी पानं कपाटावरच्या गठ्ठ्यात सरकवली, बरणी जवळ ठेवली आणि म्हणाल्या, "वाचून फोन करते." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आंघोळीला जाताना फोन मोरीच्या कट्ट्यावर ठेवायचो, ऑफिसात दर दहा मिनिटांनी रेंज बघायचो, कुणाचाही फोन आला की आधी त्याच्यावर खेकसायचो. दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला. आई हातातलं काम टाकून समोर उभी राहिली. "अहो, वाचायला वेळच झाला नाही," बाई म्हणाल्या, "पण तुमचा तो मसाला! अजून अर्धा किलो मिळेल का?" मी नुसता "हो, हो" म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाली रे?" मी म्हटलं, "आवडलं म्हणाल्या." तिने तिथल्या तिथे देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली चिमूटभर माझ्या हातावर दिली. पुढे पुस्तकं आली, एजंटशिवायच आली. तरी त्या गल्लीतून जाताना मला अजून ठसका लागतो. लोकांना वाटतं, मिरचीचा.